व्हेनिस बोलतंय

रविवार, १५ जून २००८

क्रीट वाचलं!! एकही तोफ न उडवता वाचलं!

ग्रेगची सत्तर जहाजं बेटाच्या तोंडाशी उभी होती. माझी तीस. लढले असते तर अर्ध्या तासात खेळ खलास. मी लढलेच नाही. दोन पत्रं लिहिली. एक ग्रेगला – तू क्रीटवर माणसं उतरवलीस त्या दिवशी ऑस्ट्रिया बेलग्रेडमध्ये शिरेल. (ऑस्ट्रियाने असं कबूल केलं होतं का? मुळीच नाही.) दुसरं डीटरला – तुर्काची पाठ तुझ्याकडे आहे, तू काही करू नकोस, फक्त सैन्य सरहद्दीवर आणून उभं कर. त्याने आणलं. ग्रेगने ते पाहिलं आणि सत्तरच्या सत्तर जहाजं मागे फिरली!

बाहेर आले तर आई म्हणाली, “चार तास त्या डबड्यासमोर. काय असतं गं त्यात?”

मी म्हटलं, “नकाशा.”

पूर्ण उत्तर तोंडातून निघायला रात्रीचं जेवण गार झालं असतं. म्हणून इथे लिहिते. नकाशा सगळ्या जगाचा. साल १४५३ पासून सुरू होतं. प्रत्येकाने एक देश घ्यायचा – सैन्य, जहाजं, व्यापार, तह, लग्नं, सगळं आपण बघायचं. दिवस-महिने भराभर सरकत असतात, सगळ्यांचे एकाच वेळी. दर रविवारी आम्ही तिथे तीन-चार वर्षं जगतो. आज १५३४ आहे. अँडर्स स्वीडनमध्ये बसून हे सगळं भरवतो आणि इंग्लंड खेळतो. डीटर ऑस्ट्रियातलाच, रेल्वेतून रिटायर झालेला, आणि खेळतोही ऑस्ट्रियाच. ग्रेग पोलंडचा, पण तुर्क. आमच्यातला सगळ्यात भारी. आपला रोहित स्पेन. आणि मी व्हेनिस. सगळ्यात शेवटी आले म्हणून उरलेला देश. पाण्यातलं एक शहर, चार बेटं आणि भरपूर गलबतं!

तिथे माझं नाव ‘नवघर’. त्यांना वाटतं कुठल्यातरी जुन्या किल्ल्याचं असेल. भाईंदरमधला आमचा बसस्टॉप आहे हे मी सांगितलेलं नाही.

ग्रेगने शेवटी सगळ्यांना लिहिलं, ‘नवपासून सांभाळा. त्याची पत्रं त्याच्या तोफांपेक्षा वाईट.’

त्याची! मी दुरुस्त केलं नाही.

बुधवार, १८ जून

ऑफिसात रोहित दिवसभर क्रीटच सांगत होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. जानेवारीत त्यानेच मला गेममध्ये ओढलं – “दिवसभर अमेरिकेतल्या प्लॉटच्या हद्दी काढतेस, रविवारी युरोपच्या काढ.” बरोबर होतं. नकाशा मला भाषेसारखा येतो. भाषेपेक्षा बरा.

सरांनी विचारलं, शीट तेवीस कुठवर आली. मी तोंड उघडायच्या आत रोहित म्हणाला, “सर, तिला म्हणायचंय उद्या दुपारपर्यंत.” मला आज संध्याकाळपर्यंत म्हणायचं होतं. असो. त्याचं मन चांगलं आहे.

रविवार, २२ जून

झालं. संपलं.

अँडर्सने फतवा काढला – जुलैपासून सगळ्यांनी माइक लावून खेळायचं. टाइप करत बसलं की तेवढ्यात लढाया हरतात, आणि ‘दिलेला शब्द आवाजात दिला की माणूस सहज मोडत नाही.’ सगळ्यांनी हो हो केलं. ग्रेगने तर टाळ्या टाइप केल्या.

मी लॉगआउट केलं.

सोमवार, २३ जून

लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय.

मी बोलताना अडखळते. थोडीथोडकी नाही. म, ब, प – ओठ मिटले की उघडतच नाहीत. रागात असले तर बाकीची अक्षरंही दगा देतात. आणि नाव काय ठेवलं तर मनाली! चौथीत बाईंनी उभं करून नाव विचारलं होतं, तेव्हा वर्गाने माझ्याबरोबर ‘म-म-म’चा कोरस धरला होता. तेव्हापासून आई माझ्या वतीने बोलते. “आमची मनाली ना, लाजाळू आहे.” मी लाजाळू नाही! मला सगळ्यावर मत आहे. भाजीवर, निवडणुकीवर, समोरच्या इमारतीच्या रंगावर.

मराठी, हिंदी, इंग्लिश – तिन्हींत सारखीच अडखळते. भेदभाव नाही.

पण तिथे, त्या नकाशावर, मी सगळ्यांपेक्षा छान बोलते. बोलत होते.

बुधवार, २५ जून

रोहितला कळलंच. डबा खाताना म्हणाला, “टेन्शन काय घेतेस? मी सांगतो नवचा माइक खराब आहे. आम्ही एकाच गावचे. तू मला मेसेंजरवर टाइप कर, मी बोलतो. सिंपल.”

मला एवढं बरं वाटलं की त्याला माझी शेंगदाण्याची चटणी सगळी देऊन टाकली.

रविवार, ६ जुलै

पहिला रविवार आवाजाचा. मजा आली, खरंच! स्पीकरमधून सगळे माझ्या खोलीत. डीटरचा आवाज हेडमास्तरांसारखा. अँडर्स बोलताना मागे कुत्रा भुंकतो. ग्रेगचा आवाज मात्र अगदी बारीक! ह्या माणसाला मी सहा महिने घाबरतेय?

मी टाइप करते, रोहित बोलतो. अधूनमधून स्वतःचं पदरचं घालतो, पण चालतं.

रविवार, २० जुलै

जेवायलाही गेले नाही. रागाने.

आठवडाभर मी डीटरला पत्रं लिहीत होते. ठरलं होतं – ऑस्ट्रिया हंगेरीतून तुर्कांवर उतरेल, त्याच महिन्यात व्हेनिसची जहाजं पाठीमागून. मी शब्द दिला होता. लेखी. माझा.

आज सहाच्या सुमाराला ग्रेगने सगळ्यांसमोर विचारलं, “व्हेनिस या युद्धात आहे की नाही? आता सांगा.”

मी रोहितला टाइप केलं – उत्तर देऊ नकोस, विषय बदल.

आणि स्पीकरमधून रोहितचा आवाज आला, “व्हेनिस युद्धात नाही. दहा वर्षं तुर्कांशी शांतता. हा नवचा शब्द.”

मी नाही नाही नाही टाइप करत राहिले. त्याचं उत्तर आलं – ‘थांब ना. तुला कळत नाहीये, हेच बरोबर आहे.’

कळलं मला. नंतर नीट कळलं. बदल्यात ग्रेगने स्पेनला ट्युनिस सोडलं. माझा शब्द विकून रोहितने स्वतःला बंदर घेतलं.

डीटर एकटाच उतरला. ज्या किनाऱ्यावर माझी जहाजं यायची होती तिथे त्याचं सैन्य तीन महिने उभं होतं. चाळीस हजार माणसं गेली. नकाशावरची माणसं, पण तरी. शेवटी तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं होतं व्हेनिसचा माणूस सभ्य आहे.”

त्याला ऐकू जाईल असं काहीच मी बोलू शकले नाही. माझं तोंड रोहितकडे होतं.

सोमवार, २१ जुलै

जिन्यात गाठलं रोहितला. म्हटलं, “का?” एकच अक्षर, म्हणून लगेच निघालं.

“अगं गेम आहे यार. एवढं काय?”

मी म्हणायला लागले की तो माझा श– श– 

“शब्द होता, माहितीय,” रोहितने पुरा केला. “पण लगेच उत्तर हवं होतं ना त्याला. तू स्वतः बोलायला बसली असतीस तर तासभर लागला असता.”

मग तो उगाच घड्याळ बघायला लागला. त्यालाही ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते.

मंगळवार, २२ जुलै

तासभर लागला असता तर लागला असता! डीटरला पत्र लिहिणार नाही; आवाजात मोडलेला शब्द आवाजातच भरून काढायचा.

शनिवार, २६ जुलै

अँडर्स सुट्टीवर, दोन रविवार खेळ नाही. मला तेवढेच दिवस मिळाले.

नया नगरमध्ये गेले. मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांची ओळच आहे तिथे. पहिल्या दुकानात म्हटलं, “भैया, म– म– ”

“मेमरी कार्ड?”

मान हलवली.

“माउस? मॉनिटर? मदरबोर्ड?”

‘म’वरून इतक्या वस्तू आहेत मला माहीतच नव्हतं! एरवी मी बोटाने दाखवून मोकळी झाले असते. आज मागे काचेत हेडफोन लटकलेला दिसत होता, तरी बोट उचललं नाही. उभी राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं. दुकानदार दाढीवाला, म्हातारा, त्याने गल्ल्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, “आराम से, बेटी. दुकान नौ बजे बंद होती है.”

“माइकवाला हेडफोन.”

“ये लो. बोलने के लिए एकदम क्लियर है.”

बघू!

शनिवार, २ ऑगस्ट

घरात सराव होत नाही. आई दाराशी येते, “काही हवंय का?” म्हणून आज बस पकडून भाईंदरच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या डोंगरी गावाला गेले. चर्चच्या वरच्या अंगाला टेकडी आहे, वारा भणाणतो, कोणी नसतं. तिथे बसून इंग्लिशमध्ये सगळं भाषण केलं. आठ वेळा. आठही वेळा अडखळले. दर वेळी वेगळ्या ठिकाणी – तीच काय ती प्रगती.

नवव्या वेळी मागून आवाज आला, “कोनाशी बोलतेस गो? हितं तं कोन न्हाय.” एक म्हातारी, डोक्यावर टोपली.

“म– मावशी, भाषण करतेय.”

“मंग कर की. मी बसतंय.” आणि बसली! तिला इंग्लिशचं अक्षर कळत नव्हतं. शेवटपर्यंत ऐकलं, उठली, पदर झटकला. “चांगला झाला. पन हलू बोल. कोन पलून जात न्हाय.”

रविवार, १० ऑगस्ट

बोलले.

बोलले!!

सगळं जसंच्या तसं लिहिते, एकही गोष्ट विसरायची नाहीये.

साडेचारला सगळे आले. रोहित सुरू झाला, “हाय, मी रोहित, नवचा माइक अजून–” मी माझ्या माइकचं बटण दाबलं. सगळ्यांना हिरवा दिवा दिसला असणार. रोहित मध्येच थांबला.

मी म्हटलं, “मी नवघर.” ‘न’वर नाही अडकले. पुढे, “माझं नाव म– म– ”

आणि ओठ मिटले ते मिटलेच. डोळे मिटले. घड्याळ बघितलं नाही, पण वर्षभर वाटलं. डोळे उघडले तर पडद्यावर तारीख हलत नव्हती. अँडर्सने खेळ थांबवला होता. १५५१ सालचं सगळं जग – जहाजं, फौजा, चीन, मेक्सिको, सगळं – माझ्या नावासाठी थांबून उभं होतं.

“मनाली,” मी म्हटलं. “मी बाई आहे. मी अडखळते. गेल्या खेपेला जो बोलला तो रोहित होता, आणि जे बोलला ते माझं नव्हतं. डीटर, माझा शब्द माझ्या पत्रात होता. तो मोडला, त्याची लाज मला आहे.”

हे एवढं बोलायला चार मिनिटं लागली असतील. कोणीही मध्ये बोललं नाही. अँडर्सचा कुत्रासुद्धा!

मग मी म्हटलं, “अँडर्स, खेळ चालू कर. दुसऱ्या कोणासाठी थांबवत नाहीस, माझ्यासाठीही थांबवू नकोस. फक्त माझं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. मी करते.”

“मान्य,” अँडर्स म्हणाला. तारीख सरकायला लागली.

ग्रेगचा बारीक आवाज आला, “म्हणजे मला पत्रांनी हरवणारा साप बाई निघाला.” आणि हसला. वाईट नाही हसला.

डीटर मात्र हसला नाही. “मॅडम, तुमची लाज मला उपयोगाची नाही. मला जहाजं हवी होती.”

“येतील,” मी म्हटलं.

“बघू.”

बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण मला मॅडम म्हणाला!

रात्री ताटावर बसले तर आई विचारते, “इंग्लिशमधून कोणाशी भांडत होतीस गं?”

“तुर्कांशी.”

बाबा भातावर आमटी ओतता ओतता थांबले. “मग? ऐकतात का?”

“ऐकतात.”

सोमवार, ११ ऑगस्ट

रोहित दिवसभर हेडफोन लावून बसला. मान वर नाही. सरांनी शीट चाळीसचं विचारलं. मीच सांगितलं. सरांना उशीर होत होता, तरी सांगितलं.

रविवार, ३१ ऑगस्ट

तीन रविवार जहाजं बांधतेय. नव्वद झाली. मिठाच्या व्यापाराचं सगळं लाकडात घातलं. लोक काय करते आहेस विचारतात, मी म्हणते मासेमारी.

ग्रेगने आज पिळायला बघितलं. “व्हेनिसने सायप्रस द्यावं. उत्तराला तीन दिवस.” खेळातले तीन दिवस म्हणजे आपलं अर्धं मिनिट. त्याला माहीत होतं मी अर्ध्या मिनिटात वाक्य पुरं करू शकणार नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मी सावकाश सुरू केलं. तीन दिवस गेले. सहा गेले. मी अजून “सायप्रस”च्या ‘प’वर.

“मुदत संपली,” ग्रेग म्हणाला.

“तुझी संपली,” डीटर म्हणाला. गेल्या तीन आठवड्यांत माझ्या बाजूने काढलेला त्याचा पहिला शब्द. “बाईंचं वाक्य संपायचंय.”

मी पुरं केलं. “सायप्रसवर आमचं मीठ पिकतं. हवं तर विकत घ्या.”

अँडर्स एवढा हसला की त्याचा चहा सांडला!

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपती. सुलूमावशी आली. एकवीस मोदक मी केले, त्यातले चारच फुटले.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रोहित दोन कटिंग घेऊन टेबलापाशी आला. उभाच राहिला.

“मी चुकलो यार. ट्युनिससाठी नाही... म्हणजे ट्युनिससाठी पण. मला सवय लागली होती तुझ्याऐवजी बोलायची. मस्त वाटायचं. मी कोणाला तरी मदत करतोय असं.”

मी विचार केला. मग अटी घातल्या. एक – स्पेनची तीस जहाजं युद्ध संपेपर्यंत माझ्या हुकमात. दोन – ऑफिसात माझ्या वतीने एक शब्द बोलायचा नाही.

“दुसरी जास्त कठीण आहे,” रोहित म्हणाला. “मी मध्ये बोललो तर?”

“तर ट्युनिस घेईन.”

चहा प्यायलो.

रविवार, २८ सप्टेंबर

जिंकलो. जिंकलो जिंकलो जिंकलो!

घसा बसलाय. बाबांनी दोनदा दार वाजवून विचारलं ठीक आहेस ना. आता शांतपणे लिहिते. शांतपणे!

गेले दोन आठवडे मी ग्रेगच्या फौजांची जागा टिपत होते. त्याचं इराणशी युद्ध लागलं आणि तो एक एक पलटण पूर्वेला न्यायला लागला. आज पावणेसातला बघितलं, त्याचं जवळजवळ सगळं सैन्य आशियात. राजधानी आणि युरोपातला अर्धा मुलूख रिकामा. मध्ये काय? एक चिंचोळी सामुद्रधुनी. इकडे भाईंदर, तिकडे नायगाव, मधली खाडी, एवढंच समजायचं. फक्त रेल्वेचा पूल नाही. खाडीत माझी जहाजं उभी राहिली तर तिकडचा माणूस इकडे येऊच शकत नाही.

दोस्तांसाठी वेगळी खोली असते आवाजाची, तिथलं बाहेरच्यांना ऐकू जात नाही. आत डीटर, रोहित, मी. एकशेवीस जहाजं क्रीटच्या मागे दडवलेली. ठरलं होतं, मी सांगेन तेव्हा डीटरने उतरायचं आणि मी सांगेन तिथे उतरायचं. हे आधी सांगता येत नव्हतं, ग्रेग शेवटच्या क्षणी कुठला रस्ता मोकळा सोडतो त्यावर होतं सगळं.

मी युद्ध पुकारलं. ग्रेग सगळ्यांच्या खोलीत ओरडला, “आत्ता?!”

आणि मला दिसलं. सोफियाची वाट बंद होती, दोन किल्ले भरलेले. पण बेलग्रेड उघडं. सताड. डीटरला सांगायचं होतं – बेलग्रेड. चार अक्षरं.

“ब– ”

बसलं. ओठच उघडेनात. तिकडे तुर्कांची पहिली फौज किनाऱ्याकडे धावत निघाली होती, तारखा पळत होत्या, तीन तारीख, चार, पाच –

“बल्गेरिया!” रोहित ओरडला. “तिला बल्गेरिया म्हणायचंय, डीटर, जा!”

बल्गेरिया म्हणजे सोफिया. म्हणजे भरलेले किल्ले. म्हणजे पुन्हा चाळीस हजार माणसं.

“गप्प बस,” डीटर म्हणाला. किती शांत! “मी तिची वाट बघतोय.”

सात. आठ. नऊ. तुर्क पाण्याला लागले.

एक गोष्ट त्या दोघांना माहीत नव्हती. जीभ अडकली होती, हात नव्हते अडकले. ‘ब’ म्हणता म्हणता मी एकशेवीस जहाजं सामुद्रधुनीत घातली होती. तुर्कांची फौज काठावर आली आणि समोर बघते तर पाणी दिसेना इतकी शिडं!

“बे– बेलग्रेड,” मी म्हटलं.

“बेलग्रेड,” डीटर म्हणाला, “धन्यवाद.” आणि उतरला.

पुढचा दीड तास मी बोलतच होते. रोहित, डावीकडून जहाजं काढ. डीटर, थांबू नकोस. रोहित, दुरुस्तीला दहा पाठव, दहाच. अडखळत, धक्के खात, मध्येच ठेच लागून, पण बोलतच होते. ग्रेगने चार वेळा आरमार घातलं अंगावर. चौथ्या वेळी माझी एकेचाळीस बुडाली आणि त्याची सगळी. सगळी! आशियातल्या काठावर ऐंशी हजार तुर्क नुसते उभे राहून आपली राजधानी जाताना बघत होते.

आठ वाजून वीस मिनिटांनी ग्रेगने तह मागितला. सगळ्यांच्या खोलीत.

“अटी कोण सांगणार?” अँडर्सने विचारलं.

डीटर म्हणाला, “व्हेनिस बोलेल. आम्ही ऐकू.”

मी बोलले. सगळी कलमं. शेवटच्या कलमात ग्रेगच्या राजधानीतलं सगळ्यात मोठं बंदर होतं, आणि त्याच्या नावात तीन वेळा अडकले, आणि तीन वेळा बाकीचे चारही देश थांबले. मग ग्रेगने सही केली.

“लाज फिटली का?” मी डीटरला विचारलं.

“जहाजं आली,” तो म्हणाला. “उशिरा आली. पण काय आली!”

बाहेर आले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळी लढाई सांगितली. पोळपाटावर पिठाने सामुद्रधुनी काढून दाखवली. आईने दोनदा तोंड उघडलं माझा शब्द पुरा करायला. दोनदा मिटलं. एक पोळी पार करपली.

“आणि मग?” आई म्हणाली.

सोमवार, २९ सप्टेंबर

अँडर्सने कालच्या लढाईची हकिगत लिहून सगळ्यांना पाठवली. सहा पानं. ‘तिने’, ‘तिची’, ‘तिला’ – मोजले नाहीत, पण डोळे भरून बघितले.

रोहितने प्रिंट काढून ऑफिसात सगळ्यांना वाटली! पलीकडच्या रांगेतली दिव्या, जिच्याशी मी दोन वर्षांत फक्त हसलेय, येऊन म्हणाली, “अगं तू? एकशेवीस जहाजं?” तिला जेवणाची सुट्टीभर सांगितलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

छोटा खेळ आज. बंदरं मोजली, झेंडे बदलले. ग्रेग म्हणाला, “पुढच्या डावात मी तुझ्या बाजूला. समोर बसून पाहिलं, परवडत नाही.”

१५७४ साली जगातली सगळ्यात श्रीमंत माणसं माझ्या शहरात राहतात.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ऑफिस बंद.

सकाळी दाराला कागद चिकटवलेला. अमेरिकेत घरं विकली जात नाहीत, तिकडून काम थांबलं, दसऱ्यानंतर यायची गरज नाही. आम्ही बत्तीस जण जिन्यात उभे. दिव्या रडत होती. तिच्या एकटीवर घर आहे. मालक वर केबिनमध्ये आहेत म्हणे, पण एकालाच आत सोडणार.

“कोणीतरी बोला ना त्यांच्याशी,” मागून कोणी म्हणालं. सगळे रोहितकडे बघायला लागले.

रोहितने माझ्याकडे बघितलं. बाजूला सरकून वाट दिली.

“म– म– ”

बत्तीस जण. पंख्याचा आवाज. कोणीही पुरं केलं नाही.

“मी जाते.”

उद्या अकराची वेळ दिलीय.